माझ्या पाठीमागचे सात जण

रविवार, ३ मे १९३६
काल कार्डेल गिरणीचा बेसबॉल संघ हरला. मी हरलो नाही. पिचर मी, चेंडू टाकायचं काम माझं. ते मी अप्रतिम केलं. टोलवलेला चेंडू अडवायचं काम माझ्या पाठीमागे उभ्या असलेल्या सात जणांचं. आठवा माझा मेव्हणा हॉइट. तो कॅचर, माझ्यासमोर बसतो. त्यामुळे तो काय दिवे लावतोय ते निदान दिसतं तरी.

दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली शॉर्टस्टॉपची जागा ड्यूई स्पेकची. त्याच्या तंगड्यांमधून चेंडू आरपार गेला. म्हणतो, दिसलाच नाही रे, इतका जोरात आला. अरे बाबा, मी जोरात टाकतो म्हणूनच तो जोरात परत येतो! म्हणजे त्याने माझी तारीफच केली. त्याला कळलं नाही.

संकल्प : यापुढे संघातल्या कुणालाही एका शब्दाने बोलायचं नाही. आपण मन मोठं ठेवायचं.

सोमवार, ४ मे
बोललो. पण जेवणाच्या सुट्टीत, मी कापडाच्या घड्या घालतो त्या फोल्डिंग खात्यात, सगळ्यांच्या तोंडावर बोललो. माघारी बोलायचा माझा स्वभाव नाही.

रविवार, १० मे
काल पुन्हा तेच. दुपारभर धावा, धावा आणि धावा. सामना संपल्यावर मिस यूलाकडे गेलो. चर्चमध्ये ऑर्गन वाजवते आणि शनिवारी आमचा स्कोअर लिहिते. म्हटलं, या सगळ्या हिट, म्हणजे फलंदाजाचे चोख टोले, म्हणून माझ्या नावावर का मांडता? या माझ्या पाठीमागच्यांच्या चुका आहेत, चुका म्हणून लिहा. ती चष्म्यावरून बघत म्हणाली, अँसेल, एक चेंडू कुंपणापलीकडे जाऊन रस्त्यावर पडला, ती चूक कुणाची लिहू?

कुंपण गिरणीने बांधलंय. फारच जवळ बांधलंय. पण गिरणीविरुद्ध ब्र काढायची सोय नाही. आमची राहती खोलीसुद्धा गिरणीची.

मंगळवार, १९ मे, पहाटे
आजपासून रोज पहाटे धावणार. बूट ओले निघाले.

बुधवार, २० मे
बूट वाळले. आभाळ भरून आल्यासारखं वाटलं, म्हणून गेलो नाही. आलं मात्र नाही भरून.

रविवार, २४ मे
हात ठणकतोय. व्हर्डीला मलम चोळायला सांगितलं, तर डाव्या हाताला चोळायला लागली. म्हटलं, बाई, नवरा उजव्या हाताने चेंडू टाकतो हे लग्नाला इतकी वर्षं होऊन माहीत नाही? तर म्हणाली, माहीत आहे, पण काल सबंध दुपार डाव्या हाताने एकेकाकडे बोट दाखवत होतास, दुखणार तोच. घरातसुद्धा मला साथ नाही.

(दुखत होता डावाच. पण तो मुद्दा नाही.)

सोमवार, १ जून
मोठी बातमी. संघाचा मॅनेजर लाइल याने, म्हणजे आमच्या गिरणीतल्या मुकादमानेच, सांगितलं की सत्तावीस तारखेला टिलरी गिरणीशी सामना आहे आणि तो बघायला मोठ्या लीगचा माणूस येतोय. खेळाडू निवडायला. माझ्यासाठीच, हे उघड आहे. नाहीतर या गावात बघण्यासारखं आहे काय?

मग लाइलने मला बाजूला घेतलं. म्हणाला, अँसेल, त्या दिवशी नीट झालं नाही तर सोमवारपासून तू कार्डिंग खात्यात. तुझी फोल्डिंगमधली बसायची जागा लॉय बीमला, आणि चेंडूही त्यालाच.

लॉय बीम! चार पोरांचा बाप, डावखुरा. दोन वाक्यं बोलला की खोकतो. कार्डिंग, म्हणजे कापूस पिंजायच्या खात्यात सगळेच खोकतात. कापसाचं तूस नाकातोंडात जातं, छातीत बसतं. माझे वडील तिथेच होते. शेवटी शेवटी ते जिना चढताना मध्येच बसायचे. मी तिथे जाणार नाही. काही झालं तरी नाही.

लाइल मला घाबरवून माझ्याकडून चांगला खेळ काढू बघतोय. जुनी युक्ती. आपण घाबरत नाही. रात्रीचं जेवण गेलं नाही, पण ते घेवडा करपला होता म्हणून.

बुधवार, १७ जून
आज बुधवारची प्रार्थनासभा. ज्याला कुणासाठी प्रार्थना मागायची असेल त्याने उभं राहून मागावी, अशी आमच्या चर्चची रीत. कुणी आजारी सासूसाठी मागतं, कुणी दारुड्या भावासाठी. मी उभा राहिलो. म्हटलं, ब्रदर ड्यूई स्पेकच्या हातांसाठी प्रार्थना करा, देव त्यांना चेंडू धरायची शक्ती देवो. मग म्हटलं, एकाचंच नाव घेतलं तर पक्षपात होईल. म्हणून उरलेल्या सहाही जणांची नावं घेतली, प्रत्येकात काय कमी आहे ते सांगून. शेवटी हॉइटच्या गुडघ्यांसाठी.

पास्टरने डोळे मिटले ते बराच वेळ उघडले नाहीत. पहिल्या बाकावर ड्यूईची आई बसली होती, तिने मागे वळून माझ्याकडे बघितलं. भारावली असावी.

घरी येताना व्हर्डी रस्त्याच्या पलीकडच्या कडेने चालली.

रविवार, २१ जून
काल सराव. कुणी माझ्याशी बोललं नाही. हॉइटसुद्धा नाही. प्रार्थनेचा परिणाम! लाज वाटतेय सगळ्यांना. आता सुधारतील.

रविवार, २८ जून
कालचा दिवस सविस्तर लिहून ठेवतो.

तो लीगचा माणूस आला होता, पनामा हॅट घालून. पहिल्याच डावात त्यांच्या फलंदाजाने एक चेंडू ड्यूईच्या डावीकडे खणखणीत मारला. ड्यूईने झेप घेतली, बोटांना लागून निसटला. चूक. सरळ सरळ चूक. मग एक कुंपणापलीकडे गेला (कुंपणाबद्दल वर लिहिलंच आहे). बाकावर येऊन बसलो. कुणी चकार शब्द बोलेना. सरकून बसले सगळे, माझ्या दोन्ही बाजूंना जागा रिकामी.

दुसरा डाव, तेच. तिसरा डाव, तेच. आणि एकदम माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

पिचरने एकही हिट दिली नसेल, तर त्याच्या संघातले लोक त्याच्याशी बोलत नाहीत! बोललं की नजर लागते, हे बेसबॉलमध्ये शेंबडं पोरही जाणतं. म्हणजे मिस यूलाने अखेर न्यायाने लिहिलं होतं. आतापर्यंत एकही हिट नाही, सगळ्या चुका! सहा धावा झाल्या होत्या हे खरं. पण एकही हिट न देता धावा होऊ शकतात, नियमात बसतं. मीही तोंड शिवून घेतलं. पोरांचं केवढं हे प्रेम! आजवर उगाच बोललो त्यांना.

सहाव्या डावात लाइल मैदानात चालत आला आणि त्याने चेंडूसाठी हात पुढे केला. मला खरंच वाटलं, अभिनंदन करतोय. मी हात मिळवला. तो म्हणाला, चेंडू दे, अँसेल. मी कुजबुजलो, असं कसं, मी एकही हिट दिली नाही अजून! लाइल म्हणाला, अकरा आहेत. मी विचारलं, मग ही सगळी गप्प का? तेव्हा हॉइट तोंडावरचा कॅचरचा जाळीचा मुखवटा काढत बोलला, दहा दिवसांत पहिल्यांदा. म्हणाला, त्या प्रार्थनासभेपासून आम्ही कुणीच तुझ्याशी बोलत नाही, गाढवा. तुला आत्ता कळलं?

संध्याकाळी त्या माणसाने करार केला. ड्यूईशी. म्हणाला म्हणे, एका दुपारी शॉर्टस्टॉपला इतकं काम पडलेलं मी जन्मात बघितलं नाही, या पोराचं सगळं कौशल्य तासाभरात दिसलं. ड्यूई जाता जाता माझ्या दाराशी आला आणि म्हणाला, तू नसतास तर हे झालं नसतं, अँसेल. टोमणा असता तर बरं झालं असतं. तो मनापासून म्हणाला.

सोमवार, २९ जून
कार्डिंग खातं. तूस. जेवताना भाकरीवर, झोपताना पापण्यांवर. लॉयने फोल्डिंगमधली माझी बसायची उशी मला परत आणून दिली. मी घेतली नाही.

खोकला अजून नाही. सारखा तपासतोय.

रविवार, ५ जुलै
काल चार जुलै, स्वातंत्र्यदिनाचा सामना. जाणार नव्हतो, व्हर्डीने ओढून नेलं. प्रेक्षकांत अगदी वरच्या, शेवटच्या फळीवर जाऊन बसलो. तिथे कुणी बसत नाही, ऊन लागतं.

लॉयचा चेंडू काही खास नाही. हळू येतो. समोरच्या संघाचे मारतात, आणि माझ्या जागेमागचे सात जण धावून धावून पकडतात. ड्यूई गेला तरी पकडतात. प्रत्येक झेलानंतर लॉय मागे वळून टोपी काढतो. मधल्या मध्ये वेळ फुकट. मी जळत होतो, हे इथे लिहायला हरकत नाही. इथे कोण वाचतंय?

सातव्या डावात एक चेंडू उंच उडाला आणि मागे प्रेक्षकांकडे वळला. सरळ माझ्याकडे आला. उठायचीही गरज नव्हती. मी दोन्ही हात पुढे केले. सगळं मैदान बघत होतं. लॉय, लाइल, मिस यूला, सगळे.

चेंडू हातात आला आणि निसटला. फळ्यांवरून टप टप टप करत खाली गेला.

कुणी हसलं नाही. हसले असते तर सोपं गेलं असतं.

मी सवयीने लगेच मागे वळून बघितलं.

मागे नुसती भिंत होती.