आईसमोर केलेलं भाषण

प्रिय ड्वेनदादा,

तुझं जहाज कुठल्या समुद्रात आहे हे नौदलवाले आम्हाला सांगत नाहीत, तेव्हा असशील तिथे वेळेवर जेवत असशील असं धरून चालते. इकडे नेब्रास्कात वारा आहे, आईचा दुखरा गुडघा आहे आणि मी आहे. बाकी काही विशेष उरलेलं नाही.

शाळेत असतानाच मी इथल्या कॉलेजचेही विषय घेते आहे, हे तुला ठाऊक आहेच. पास झालं की क्रेडिट दोन्हीकडे धरतात. ह्रुस्का सर (तुला नौदल सुचवलं तेच) म्हणाले, ही तर दुधात साखर. सगळं जमलं तर ऑगस्टमध्ये लिंकनच्या विद्यापीठात मी थेट दुसऱ्या वर्षात बसेन. पण आईचं काम होतं तो मांसाचा कारखाना बंद पडला, तिने नर्स व्हायचं मनावर घेतलं, आणि त्यासाठी आधी भाषणकलेचा वर्ग करावा लागतो, तोही माझाच, हे सर बोलले नव्हते. पहिल्या दिवशी ती डबा घेऊन आत आली, सगळी बाकं रिकामी सोडून माझ्याशेजारी बसली आणि माझी कॉलर नीट केली. (इथे तिला ओळख दाखवायची नाही, असं मी ठरवलं होतं.) रन्झा कसे करावेत यावर तिने पहिलं भाषण केलं. कोबी-खिमा भरून भाजलेले ते गरम पाव वर्गभर वाटले, आणि माझ्यापेक्षा जास्त गुण मिळवले.

दुसरा विषय होता, ‘मला काय हवं आहे.’ त्या दिवशी आई गुडघा दाखवायला जाणार होती, म्हणून मी खरं बोलायचं ठरवलं. म्हटलं, मी क्रेडिट जमवते ती या घरातून लवकर सुटण्यासाठी. संध्याकाळी टीव्हीकडे तोंड करून दोघी मुकाट जेवतो, आणि मला भीती वाटते की मी आईसारखीच होईन. एवढ्यात दार उघडलं. डॉक्टरांनी तिला लवकर मोकळं केलं होतं. मला थांबता आलं असतं. (मध्येच थांबलं तर गुण कापतात.) मी थांबले नाही.

त्यात अभिप्राय देण्याची पाळी आईची. ती उभी राहिली आणि म्हणाली, “आवाज शेवटच्या बाकापर्यंत येत होता. हातवारे जरा कमी करावेत.” मग बसली. मला पैकीच्या पैकी मिळाले, दादा. आयुष्यात इतके वाईट गुण मला कधी पडले नव्हते.

त्यानंतर ती वर्गाला आलेली नाही. विचारलं की गुडघा सांगते. आज तिचं शेवटचं भाषण आहे. ते चुकलं तर ती नापास, आणि नर्सचंही संपलं. मी माफी मागितली, तर म्हणाली, “कशाबद्दल? छान बोललीस की.” याचं मी काय करू?

तुझी,
ट्वायला

ता. क. : खरं काम असं, की पत्र मिळताच आईला फोन कर आणि पुढच्या सत्रात पुन्हा नाव घाल म्हणून सांग. तुझं ती ऐकते. घर सोडून तूही गेलास, पण भाषण न करता गेलास.

ता. क. २ : पाकीट चिकटवणार तोच आई कोट घालून दारात उभी. “चल, उशीर होतोय. मला आज बोलायचंय.” तेव्हा वरची विनंती रद्द.

ता. क. ३ : परत आलो. आई पास झाली. मी गेल्यावर माझी खोली भाड्याने द्यायची आहे, असं तिने भाषणातच जाहीर केलं. खिडकीचं, उन्हाचं इतकं वर्णन केलं की दोघांनी तिथेच हात वर केले. सगळे हसले, तीही हसली. तरी तू फोन कर, आणि सुट्टीत मी घरी आले तर झोपायचं कुठे, तेवढं तिला विचार. मी विचारायला जाते आणि मला बोलताच येत नाही.