डाळीवरचं टिंब

९ ऑगस्ट १९८७, रविवार

कान्हाकडे कोपरला जेवून आलो. पोट गच्च! आज नारळी पौर्णिमा. त्यांच्या घरी नारली पुनव म्हणतात. ‘ळ’ तिथे कुणाच्याच तोंडात बसत नाही, फक्त त्याच्या बहिणीच्या, मंजुळाच्या बसतो. म्हणाली, "स्वतःचं नाव तरी नीट घेता यायला हवं ना!" म्हणून शिकली. सातवीपर्यंतच गेलेली, पण शिकली.

निघताना भागीरथीमावशींनी, कान्हाच्या आईने, ओल्या खोबऱ्याच्या करंज्या डबाभर दिल्या. "तुझे आयशीला दे. आन् दिवालीचा चिवडा इसरू नको म्हनावं."

आई माळकरी, त्यांच्याकडची मासळी तिला चालत नाही. करंज्या चालतात. मला चार, स्वतःला सहा!

१६ ऑगस्ट

आईला करंज्यांची कृती हवी होती. मंजुळाने सांगितली, मी तिथेच बसून लिहून घेतली. "उत्तम, चार ओळींना एवढा वेळ?" मी म्हटलं, आठवीत शाळा सुटली, शुद्धलेखन सुटलं नाही. ती हसली. बराच वेळ हसली.

४ ऑक्टोबर

काल प्रेसमधून गेलेल्या एका पत्रिकेत टिंब उडालेलं! आमचे मालक भाऊ म्हणाले, "अक्षरांचे खिळे जुळवताना डोळे कुठे असतात रे तुझे?" माझी चूक नव्हती. तो टाइपच झिजलेला. प्रूफ तीनदा वाचलेलं. तरी रात्री जेवण गेलं नाही.

१८ ऑक्टोबर, रविवार

कान्हा आलेला. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ठाण्याहून पाहुणे येणार, मंजुळाला बघायला. मुलगा कारखान्यात कायम आहे, एकुलता एक. "जमल्यातच जमा आहे. लग्नाची पत्रिका तूच जुलवायची हां!"

हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

आणखी एक काम सांगून गेला. पाहुण्यांपुढे मंजुळाच्या हातचं काहीतरी ठेवायचंय. दर दिवाळीला आमच्याकडून जातो तोच चिवडा करायचा म्हणते. आईकडून कृती हवी.

१९ ऑक्टोबर

आई सांगत गेली, मी लिहीत गेलो. आईला प्रमाण विचारलं की चिडते. "मीठ किती?" "लागेल तेवढं." "म्हणजे किती?" "अरे, हाताला कळतं ते!" शेवटी तिच्या हातातलं वाटीत ओतून मोजलं. पातळ पोहे, शेंगदाणे, डाळं, खोबऱ्याचे काप, मिरच्या, कढीपत्ता — सगळं वाटीने. तीन कागद फाडले. चौथा बरा उतरला.

मावशींचा करंज्यांचा डबा अजून आमच्याकडेच होता. रिकामा कसा द्यायचा? आई म्हणाली, "त्यातच घाल की तुझा कागद."

कोपरला गेलो तर मंजुळाने दारातच डबा उघडला, उभ्या उभ्या कागद वाचला. वरपासून खालपर्यंत. मी म्हटलं, "मुलगा चांगला आहे म्हणतात."

"म्हणतात ना," ती म्हणाली. कागदाची घडी केली आणि आत गेली.

२२ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

आईचा चिवडा झकास. मला नको वाटला.

२५ ऑक्टोबर, रविवार

घात झाला! कान्हा संध्याकाळी दारातूनच ओरडला, "काय लिहून दिलंस रे येड्या?"

चिवड्यात डाळं नव्हतंच. हरभऱ्याची डाळ होती — कच्ची, न भिजवता तशीच तळलेली. खडे! मुलाच्या आईने, गोदूबाईंनी, पहिलाच घास घेतला आणि कट्! दात तळहातावर. मंजुळा खाली मान घालून म्हणाली, "कागदावर डाळ लिहिलेलं. मी डाळ घातली."

मी विचारलं, "टिंब नव्हतं त्याच्यावर?"

"तिकडं बाईचा दात गेला आणि तू टिंब काय विचारतोस!"

२६ ऑक्टोबर

कागद बघायला मागितला. चुलीत गेला, असं मंजुळाने कळवलं.

डाळ. डाळं. एवढासा ठिपका. आईने रोज हाक मारावी तितक्या सहज मी तो देतो. चौथ्या कागदावर दिलेला का? दिलेला. नसेलही. मन थाऱ्यावर नव्हतं त्या दिवशी.

२८ ऑक्टोबर

ठाण्याहून नकार आला. गोदूबाईंचं म्हणणं — मुलीच्या हातचा पहिला घास आणि दात गेला, लक्षण बरं नाही.

माझ्यामुळे. मी परक्या मुलीचं स्थळ मोडलं, तेही शुद्धलेखनात!

आज एक पत्रिका पाच वेळा तपासली. भाऊ म्हणाले, "बास कर, शाई उडून जाईल त्याची."

१ नोव्हेंबर, रविवार

माफी मागायला कोपरला गेलो. मावशी आधी हसल्याच. "आरं, त्ये बाईचा दात आदीच हालत व्हता!" मग पदर डोळ्याला लावला. "पन स्थल बरं व्हतं रं." मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

मंजुळा चहा घेऊन आली. कप ठेवता ठेवता म्हणाली, "एवढं मनाला लावून घेऊ नको. टिंबच तर होतं."

टिंबच तर होतं! हिच्या जागी मी असतो तर वर्षभर बोललो नसतो. चहात साखर दुप्पट होती. चुकून पडली असेल. तसाच प्यालो, कुणाची चूक काढायचं तोंड मला उरलेलं नाही.

३ नोव्हेंबर, तुळशीचं लग्न

कान्हा डबा देऊन गेला. राग गेलेला दिसला. "मंजीने दिलाय. तुझ्या हातात द्यायचा म्हणाली."

चिवडा. डाळं घातलेलं, अगदी आईच्यासारखा. तळाशी माझा कागद — चुलीत गेलेला तोच! तेलकट झालाय, पण अक्षर न् अक्षर लागतं. ‘डाळं — एक वाटी.’ टिंब आहे. माझंच, निळ्या शाईतलं.

त्याखाली पेन्सिलीने, तिच्या अक्षरात: मला ठाण्याला जायचं नव्हतं.

तिचीही दोन्ही टिंबं जागच्या जागी.

आई म्हणते, डबा रिकामा देऊ नकोस. कोरा कागद घेऊन बसलोय.