डाव्या बाजूची कळ

प्रिय भिंगरी,

त्या मंगळवारी दुपारी सव्वाचारला माझं सगळं बदललं. तुमच्या घरामागच्या पत्र्याच्या खोलीत, जिला तुझे बाबा, म्हणजे माझे काका, मोठ्या तोऱ्यात कारखाना म्हणतात, मी पितळेच्या बिजागरीवर कानस मारत होतो. तू चहा घेऊन आलीस, कप ठेवलास आणि स्टुलावर बसलीस. तू स्टुलावर बसलीस की मला वाटायचं, आज बोलून टाकावं. तीन वर्षं वाटत होतं. त्या दिवशी तूच आधी बोललीस. दातांच्या डॉक्टरशी तुझं ठरलं होतं. ते ऐकून माझा हात थांबला, आणि तो थांबलेला तुला दिसला असं मला वाटलं, पण तू पुढे म्हणालीस, "त्याला तो हेराचा सिनेमा फार आवडतो रे. त्याच्यासाठी त्यातली डबी करून देशील? अगदी हुबेहूब?"

मी हो म्हणालो. दुसरं काही सुचलं असतं तर माझं आयुष्य असं झालंच नसतं. डबी अकरा दिवसांत केली, माझ्या हातची सगळ्यात सुबक. कडा अशा घासल्या की बोट फिरवलं तर जोड कळू नये. तुझ्या डॉक्टरांनी ती उघडून बघितली, वा म्हणाले आणि दवाखान्यात टेबलावर ठेवली. आता तिच्यात कापसाचे बोळे असतात. मुद्दाम दाढ दुखतेय सांगून बघून आलो, म्हणून माहीत. दाढेत काहीच नाही म्हणाले, आणि चुकीचं बोलले नाहीत.

हे पत्र कशासाठी, ते शेवटी लिहितो. आधी लिहिलं तर तू पुढचं वाचणार नाहीस, आणि पुढचं तू वाचायला हवंस.

तुला आठवतं, मी पहिल्यांदा आलो तो बंद पडलेलं घड्याळ घेऊन. कॉलेज सोडून दोन आठवडे झाले होते. सर वर्गात म्हणाले की माझं ड्रॉइंग कुणाचं तरी उतरवलेलं आहे. उतरवलेलं नव्हतं. मी टी-स्क्वेअर त्यांच्या टेबलावर आपटला, तो मोडला, आणि दुसरं वर्ष तिथेच संपलं. घरी दादा तेव्हापासून "जेवलास का" याच्या पुढे माझ्याशी बोललेला नाही. काकांनी घड्याळ उघडलं आणि मी भिंतीवरचे फोटो बघत बसलो. काळ्या-पांढऱ्या सिनेमातला तो हेर, शंभर फोटोंत शंभरदा. कधी त्याच्या बुटाच्या टाचेत कप्पा, कधी छत्रीच्या दांड्यात नळी, आणि सगळ्यात जास्त वेळा हातात ती सिगारेटची डबी, जिची कळ दाबली की आतलं दुसरं झाकण उघडतं आणि खाली फिल्मचा तुकडा असतो. त्या सिनेमात माणूस एकदाही गोळी झाडत नाही, असं काका अभिमानाने सांगत होते, जणू स्वतःच्या मुलाबद्दल. खरं सांगायचं तर सिनेमा मी नंतर पाहिला. तू आधी दिसलीस.

मग रोज येऊ लागलो. काकांनी मला शिकवलं ते कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत. पडद्यावरची वस्तू मोजायची कशी? हेराच्या टेबलावर टेलिफोन आहे. तसाच टेलिफोन आम्ही भंगारातून शोधून आणला, त्याची तबकडी मोजली, आणि त्या एका मापावरून दौत, छत्री, डबी, सगळ्यांची मापं काढली. पितळ कापायचं, झाळून जोडायचं, पॉलिश करायचं आणि एवढं करून ते जुनं करायचं. तू दारात उभी राहून हसायचीस. नवीन भांडं घासून चकचकीत करतात आणि तुम्ही दोघं चकचकीत वस्तूला डाग पाडता, म्हणायचीस. मला अर्धवट म्हणायचीस, कॉलेज अर्धवट सोडलं म्हणून. दुसरं कुणी म्हणालं असतं तर मी हात उचलला असता.

दोन वर्षांपूर्वी काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, काकांनी टाळलं. भिंग लावूनही बारीक दिसेना, तेव्हा त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, आता तूच बघ आणि मला सांग. तेव्हापासून मी सांगेन तेच त्यांना दिसायचं. सिनेमाचं मूळ रीळ सरकारी संग्रहालयात आहे हेही मीच शोधलं, परवानगी काढून मीच गेलो, एकेका चौकटीचे फोटो काढून आणले. बाजारात मिळते ती कॉपी इतकी धुरकट की डबीच्या मागे काय आहे ते कळत नाही. मूळ रीळ आमच्यापैकी फक्त मी पाहिलं आहे.

काकांची स्वतःची डबी म्हणजे काय चीज आहे, ते तुला सांगायला नको, तरी लिहितो. तीस वर्षांपूर्वी स्टुडिओत सामान सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याने ती त्यांना दिली. कागद नाही, पत्र नाही, फक्त काकांचा शब्द, आणि पडद्यावरच्या डबीसारखी डाव्या बाजूला असलेली कळ. बाकी सगळं आम्ही केलेलं. अस्सल तेवढी एकच. तुझी आई गेली तेव्हा काका चार दिवस ती खिशात घालून फिरत होते, हे तूच मला सांगितलंस.

आणि मंडळाचा नियमही काकांनीच घातलेला. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी या सिनेमाच्या वस्तू जमवणारे ते पाच-सहा म्हातारे कारखान्यात जमतात आणि एकमेकांच्या वस्तूंतली खोट काढतात. नक्कल केली तर हरकत नाही, पण नकलेवर ठळक 'न' ठोकलाच पाहिजे, म्हणजे पुढे कुणी ती अस्सल म्हणून कुणाच्या गळ्यात मारणार नाही. आणि अस्सल म्हणून आणलेली वस्तू नक्कल निघाली, तर ज्याची त्याने सगळ्यांसमोर तिथल्या तिथे तिच्यावर ठसा मारायचा. मंडळातल्या वकीलसाहेबांनी मागे स्वतःच्या छत्रीवर मारला होता, आणि महिनाभर काकांशी बोलले नव्हते.

त्या मंगळवारी तू गेल्यावर मी काकांना आपल्या लग्नाचं विचारलं. हे तुला माहीत नाही. तुझं ठरलंय हे कळूनही विचारलं. माझं डोकं असंच आहे, आपटायची भिंत दिसली की धावत सुटतं. काका रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. पाठीवर हात ठेवून, लहान मुलाला समजवावं तसं म्हणाले, "अरे, तुझा हात सोन्याचा आहे. पण बघितलेलं करतोस तू. स्वतःचं असं काय आहे तुझ्याजवळ?"

मंडळाचा पुढचा रविवार तू पाहिलास. डॉक्टरही होते, तुझ्या शेजारी, पांढऱ्याशुभ्र शर्टात. मी रिळावरून काढलेला मोठा फोटो टेबलावर ठेवला, हेराच्या हातातली डबी आणि तिच्या मागे वर्तमानपत्राचा कोपरा. फिल्म कधी कधी उलट बाजूने छापली जाते, मी म्हणालो, आरशात दिसतं तसं डाव्याचं उजवं होतं. वकीलसाहेबांनी काकांचा दाढीचा आरसा मागवला आणि फोटोसमोर धरला. वर्तमानपत्राची उलटी अक्षरं आरशात सुलटी झाली. म्हणजे ते दृश्य उलटं छापलेलं. म्हणजे खऱ्या डबीची कळ उजवीकडे असणार, आणि जिची डावीकडे, ती सिनेमा बघून कुणीतरी केलेली. मी आधी माझ्याच तीन डब्या पुढे सरकवल्या, या तिन्ही चुकल्या म्हणालो. मग सगळ्यांनी काकांकडे बघितलं.

काकांनी खिशातून डबी काढली. चाचपून कळ कुठे आहे ते बघितलं, जणू तीस वर्षांत ती जागा बदलून बसली असेल. मला म्हणाले, ठसा दे. मी दिला. त्यांना नीट दिसत नव्हतं, म्हणून झाकणाच्या मधोमध ठसा मीच धरला आणि हातोडी त्यांनी मारली. पहिला घाव माझ्या अंगठ्यावर बसला. दुसरा ठशावर बसला. तिसऱ्याला झाकण चेपलं आणि आतली स्प्रिंग तुटून जमिनीवर पडली. डॉक्टर हसले. एवढ्याशा डबीसाठी केवढा सोहळा, म्हणाले. ते हसणं तू ऐकलंस, आणि तुझा चेहरा मी बघितला. आणि काका काय म्हणाले ते सगळ्यांनी ऐकलं. "बरं झालं, घरातल्याच माणसानं सांगितलं."

त्यानंतर ते कारखान्यात आले नाहीत. तू सांगतेस, नुसते खिडकीत बसतात, कुणी विचारलं तर बरा आहे म्हणतात. गेल्या आठवड्यात त्यांनी तुझ्या हाती कानशींचा डबा आणि वस्तूंच्या कपाटाची किल्ली पाठवली, सगळं त्याला देऊन टाक म्हणाले, माझ्याहून त्याची नजर सच्ची आहे. आणि काल तू स्वतः आलीस. स्टुलावर बसली नाहीस, उभीच होतीस. डॉक्टरांचं ते हसणं तुझ्या कानातून जात नाही म्हणालीस. मग म्हणालीस, "तू सांगशील तर मी त्याला नाही म्हणते. निदान तू खोटं तरी बोलत नाहीस." उद्या पाचला येते, तेव्हा उत्तर दे, म्हणालीस. तीन वर्षं मी ज्या वाक्यासाठी वाट बघितली, ते तू असं सहज, पदराला लागलेली धूळ झटकावी तसं बोललीस आणि गेलीस.

आता पावणेपाच झाले आहेत. म्हणून लिहितो. काकांची डबी अस्सल होती. रिळावर ते दृश्य सुलटं आहे. वर्तमानपत्राचा तेवढा कोपरा मी कॉम्प्युटरवर उलटा केला, चार संध्याकाळी बसून, कडा जुळवून, फिल्मचे दाणे मिळवून, आणि ते काम डॉक्टरांच्या डबीहून सुबक झालं. त्यासाठी मला काकांनी शिकवलेलंच सगळं वापरावं लागलं. माझ्या तीन डब्या आधी पुढे केल्या त्या माझ्यावर कुणाचा संशय येऊ नये म्हणून. मला फक्त त्यांचं तोंड पडलेलं बघायचं होतं. ते ठसा मागतील, हे मला माहीत होतं. नियम त्यांचाच होता, आणि ते तो मोडणार नाहीत हे मला तुझ्याहून जास्त माहीत होतं. ठसा धरताना अजूनही वेळ होती. मी हात हलू दिला नाही. खरा फोटो या पत्राखाली आहे, त्यातली अक्षरं आरशाशिवाय वाचता येतात.

मला तू हवी होतीस आणि काल तू मिळालीस. ती त्या खोट्यामुळे मिळालीस. तुझ्याबरोबर राहिलो तर जन्मभर तुझ्या बाबांसमोर जेवायला बसावं लागेल आणि ते मला वाढताना म्हणतील, सच्च्या माणसा, घे. ते माझ्याने होणार नाही. काकांना मी सांगणार नाही. सांगायचं की नाही ते तू ठरव. सांगितलंस तर त्यांना कळेल की हातात होती ती खरीच होती आणि आपणच आपल्या हाताने चेपली. नाही सांगितलंस तर ते खिडकीत तसेच बसतील आणि तू रोज त्यांच्याकडे बघशील. दोन्ही वाईट आहे, आणि दोन्ही तुझ्यावर टाकून मी जातो आहे. एवढा राग माझ्यात अजून उरला आहे, तुझ्यावरचा. तो काढायला दुसरी जागा नाही.

कपाटाची किल्ली मी खिळ्याला लावली आहे. तुझी पावलं अंगणात वाजायच्या आत निघतो. दिवा बंद करून बाहेर आलो की दार ओढून घेतो.

तुझाच, अजूनही