थोरली कोण

१ नोव्हेंबर १९६४, रविवार. सातारा
कुटुंब सप्ताह संपतो त्या रविवारी, म्हणजे पंधराला, देवळात माझा आणि बनाबाईचा सत्कार करायचं ठरलं. आमच्या ख्रिस्ती मंडळीतलं सगळ्यात जुनं जोडपं. पाळकसाहेब म्हणाले, "आण्णा, एका बायकोशी संसार कसा करावा, हे पोरांनी तुमच्याकडे बघून शिकावं." साक्षही द्यायची आहे, म्हणजे उभं राहून आपल्या आयुष्याबद्दल बोलायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी फरशीकडे बघत राहिलो.

३ नोव्हेंबर
जेवण जात नाही. बनाबाई म्हणते, "हार घालणार हायती, फास न्हाई."

५ नोव्हेंबर
लिहूनच टाकतो. पंचेचाळीस वर्षांत कुणाला सांगितलं नाही.
बाप्तिस्मा मागायला गेलो तेव्हा मला दोन बायका होत्या. राहीबाई थोरली. तिला मूल नाही म्हणून बनाबाई केली, आणि धोंडिराम झाला. त्या वेळच्या पाद्रीसाहेबांचा नियम – देवासमोर पहिली तीच बायको. दुसरीला सोडा, मग बाप्तिस्मा. मी सांगितलं, बनाबाई पहिली. साहेब नवीनच आलेले, पण हुशार. त्यांनी राहीबाईलाच अंगणात बोलावलं. पहिली का दुसरी? ती भाकरी टाकून उठून आली होती, हात पिठाचे. माझ्याकडे एकदा बघितलं. म्हणाली, "दुसरी."
त्याच आठवड्यात ती सांगलीला भावाकडे गेली; तो हळदीच्या वखारीत कामाला होता. पुढं माझा बाप्तिस्मा झाला. पाणी फार गार होतं, एवढंच आठवतं.

८ नोव्हेंबर, रविवार
आजचं प्रवचन नेमकं त्याच विषयावर. पूर्वी दोन बायकांच्या माणसाला एक सोडायला लावत. ती चूक झाली, असं आता मंडळीतलेच काही म्हणतात. टाकलेल्या बाईचं पुढं काय झालं, ते कुणी विचारलं नाही.
मीही विचारलं नाही. आणि मला तर नियमाआडही लपता येत नाही. नियमानं राहीबाईच राहायची. तो मी मोडला, आणि पाळला म्हणून मलाच हार!

११ नोव्हेंबर
डोळे दाखवायला जातो म्हणून घरातून निघालो. एस.टी.नं सांगली. राहीबाई त्याच हळदीच्या वखारीत हळकुंडं निवडत होती, हात कोपरापर्यंत पिवळे. "आवं, लय म्हातारं झालासा," म्हणाली. बसायला हळदीचं पोतं दिलं.
मी म्हटलं, रविवारी देवळात खरं सांगणार आहे.
"आता? माझं दात पडल्यावर?"
बाकीच्या बाया हसल्या. मग ती हळू म्हणाली, "लेकरू तिच्या मांडीवर व्हतं, म्हणून तसं बोलले. तुमच्यासाठी न्हाई."
तू ये, असं म्हणायला हवं होतं. ते मी म्हटलं नाही.

१२ नोव्हेंबर
"डाक्टर काय म्हणला?" बनाबाईनं विचारलं. मोतीबिंदू, म्हटलं. "धोतराला मागं हळद लागलीया," म्हणाली, आणि धोतर धुवायला घेऊन गेली.

१४ नोव्हेंबर
बनाबाई धोंडिरामला घेऊन पहाटेच कुठंशी गेली. अजून पत्ता नाही. उद्या काय बोलायचं ते चारदा लिहिलं, चारदा फाडलं.

१५ नोव्हेंबर, रविवार
साक्षीला उभा राहिलो. "मी पापी माणूस" – एवढंच निघालं. लोकांना तो विनय वाटला. पाळकसाहेब हार घेऊन बनाबाईकडे वळले. ती उठली नाही. बायकांच्या शेवटच्या बाकाकडे हात केला. तिथं राहीबाई बसली होती.
"आधी थोरलीला घाला," बनाबाई म्हणाली.