लाल दोऱ्याचं ठिगळ

सीतापुरा, मंगळवार, संध्याकाळ

इथे हिंदी मुलखातल्या रत्नांच्या कारखान्यात खडे घासताना एक पन्ना, म्हणजे पाचूचा खडा, कमी भरला, तेव्हा सुपरवायझरने सगळ्यांसमोर मला उभं केलं. "जेब उलटी कर, भैया!" त्या गोष्टीला आज नऊ दिवस झाले. खिसा बाहेर आला आणि आईने लाल दोऱ्याने लावलेलं ठिगळ सगळ्यांनी पाहिलं. शेजारच्या रांगेतल्या पोरी हसल्या. मग पन्ना त्याच्याच टेबलावर, कागदाखाली सापडला. माफी? छे!

जागेपणी त्याच्यापुढे माझं तोंड उघडत नाही. स्वप्नात त्याला धारेवर धरतो, पण जाग आली की सगळं पुसलं जातं. माझ्या खोलीत राहणारे नारायणकाका म्हणाले, "उठल्या उठल्या कूस बदलू नकोस. डोळे मिटून पड, स्वप्नाचं शेपूट हाताला लागलं की ओढत जा. मोबाईल बघितलास की मेलंच ते!" झोपताना दोन पेले पाणी प्यायचं, मधे जाग आली की जास्त स्वप्नं सापडतात, हेही त्यांचंच.

आज पहाटे तसाच पडून राहिलो आणि पहिल्यांदा अख्खं सापडलं. कारखान्याच्या गेटवर सगळे उभे, सुपरवायझरही. मी चक्क मराठीत ओरडलो, "साहेब, खिसे दाखवा!" त्याने मुकाट दाखवले. त्याच्याही खिशाला लाल दोऱ्याचं ठिगळ. कुणीच हसलं नाही. मीसुद्धा नाही.

स्वप्न माझं, आणि बाजू त्याची घेतं? दिवसभर डोकं भणभणलंय. आज तीन पेले पाणी पिऊन झोपणार. त्याचे खिसे पुन्हा उलटे करायला लावीन आणि या खेपेला ठिगळ दिसलं तरी हसेन.