दुसऱ्या साक्षीदाराची जागा

मी, सुभद्रा चंद्रभान नगरारे, वय एकाहत्तर, विकृतिशास्त्राची निवृत्त अध्यापिका, राहणार कोराडी रोड, नागपूर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. यकृत थकले आहे, डोके शाबूत आहे; डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. पती हयात नाहीत. मुलगा अश्विनही नाही.

लिहिण्याचे कारण असे. पेशी दोन तऱ्हेने मरते. एक घाव बसून फुटते. आतले सगळे बाहेर सांडते आणि शेजारच्या पेशी सुजतात. दुसरी वेळ ओळखून स्वतःला आवरते, आपल्या लहान लहान पुड्या बांधून ठेवते, आणि शेजारणी त्या गुपचूप उचलून नेतात. अश्विन पहिल्या तऱ्हेने गेला. मला दुसऱ्या तऱ्हेने जायचे आहे.

१. राहते घर आणि बँकेतील शिल्लक माझी नात, मुलीची मुलगी चिन्मयी हिला.

२. सूक्ष्मदर्शक मी शिकवत होते त्या विभागाला. त्याची बारीक फिरकी अडकते. जोर लावू नये. देहही तिथेच द्यावा. मुलांनी यकृत नीट पाहावे.

३. दीर वामनराव यांना काही नाही. अश्विनच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे तेराव्याऐवजी आम्ही करतो त्या विधीला, जेवून उठताना ते म्हणाले होते, वहिनी दगडाच्या आहेत. भाजी मात्र त्यांनी दोनदा मागून घेतली होती.

४. मुलगी भावना हिला या मृत्युपत्राने काहीही देत नाही. याचा खुलासा करणे भाग आहे.

अश्विन कोळशाच्या ट्रकखाली गेला. त्याच आठवड्यात मी विभागात जाऊन स्लाइड पाहू लागले. रडू आले नाही. पुण्यानुमोदनाला मी पंगतीत वाढत होते, तेव्हा भावना सगळ्यांदेखत म्हणाली, "आईले काहीच वाटून नाही राहिलं." पुढे लग्न होऊन ती वाडीला गेली, आणि तेव्हापासून तिने माझ्या घराची पायरी चढलेली नाही. चिन्मयीला मात्र पाठवते. तेवढा मोठेपणा तिच्यात आहे, आणि तो माझ्याकडून आलेला नाही.

वर्गात मी शिकवत असे की श्वासनळीचे अस्तर नाजूक आणि ओलसर असते. सतत धूर लागला की ते जाड, कोरडे होते. भेंडी निबर होते तसे, असे मी मुलांना सांगायची. निबर अस्तर तग धरते, पण त्याला ओल सुटत नाही. पाहणाऱ्याला वाटते, याला काही लागलेच नाही. लागलेले असते म्हणूनच ते तसे झालेले असते. धूर थांबला तर ते पुन्हा मऊ होऊ शकते. फार उशीर झाला तर नाही. माझे कुठवर आले आहे हे मला सांगता येत नाही. अश्विन रोज आठवतो, एवढे सांगता येते.

ॲडव्होकेट मिनल म्हणाल्या की ज्याला मिळते त्याने साक्षीला राहू नये, उगाच वाद होतो. शिवाय साक्षीदाराने सही होताना समोर असावे. म्हणून भावनाला काही दिले नाही. साक्षीदार दोन लागतात; त्यांपैकी एक तीच, तिच्या जागी दुसरे कोणी बोलावू नये. ती आली नाही तर हा कागद रद्दी, आणि एकमेव वारस म्हणून सगळे कायद्याने तिचेच. आली तर तिच्या हाती काही नाही, फक्त मी समोर असेन.

सहीपूर्वी हाताने लिहिलेले:
भावना आली. सगळे वाचून म्हणाली, "आई, मले घर नव्हतं पाहिजे वं. तू माह्यासमोर एकदा रडली असती, तर पुरे होतं."
मी तिला सांगितले की रडू आत्ताही येत नाही. मी सही करावी म्हणून तिने कागद दाबून धरला आहे.

(सही) सुभद्रा चंद्रभान नगरारे

वरील सही आमच्या देखत झाली.
१. (सही) शोभाताई वासनिक, शेजारीण
२. (सही) भावना डोंगरे, मुलगी

नागपूर, ९ फेब्रुवारी २०२५