कोशा बैल केराबाईला, महिपती साक्षीला

मी, वच्छला रामा निमगिरे, वय सत्तरच्या आसपास, राहणार जेऊर, तालुका करमाळा, दुसरीपर्यंत शिकलेली. डोकं ठिकाणावर आहे. कुणी दटावलेलं नाही, या घरात दटावायचं काम माझ्याकडे आहे. स्वतःच्या हाताने लिहून ठेवते की,

१. राहतं घर आणि तीन एकर रान मुलगा कुंडलिक याला. तो सोलापुरात गिरणीत आहे. रान त्याने शेजारच्या केराबाईला वाट्याने लावावं, स्वतः कसू नये. त्याला पीक कोणतं आणि तण कोणतं ते कळत नाही.

२. जातं सून विजयमालेला. तिला ते ओढवत नाही, म्हणून मुद्दाम.

३. कोशा बैल. कुंडलिक म्हणतो, "आई, एकटा बैल ठिवून काय करतीस? बाजारात नेऊ की." एकटा कसा? दीर महिपतीकडे तांबडा आहे. दोघांकडे एकेक, म्हणून अकरा वर्षं ते एका जुवाखाली चालतात. बांधावरून वाजल्यापासून महिपती आणि मी बोलत नाही. मी कोशाला सांगते, "त्याला म्हणावं, उद्या माझ्या रानात." महिपती तांबड्याला सांगतो, "तिला म्हणावं, कळलं हाय."

केराबाईला नवरा नाही, बैल नाही, रान दोन एकर. सगळ्यांची पेरणी उरकली की तिला औत मिळतं. तोवर ओल उडते, ज्वारी गुडघ्याच्या वर जात नाही, आणि लोक म्हणतात, बाईला शेती जमत नाही. मीही तिला शेवटीच औत दिलं. तेही लिहून ठेवते.

म्हणून कोशा आणि पेरायची तिफण केराबाईला. तिने बैल विकू नये आणि माझ्या पाया पडू नये, कडबा साठवावा. दोन्ही बैल जुंपून पहिली पेरणी तिच्या रानात, मग महिपतीच्या. पटत नसेल तर त्याने एका बैलावर पेरून दाखवावं.

४. बांधाचं भांडण कुणालाही देत नाही.

दुकानदार रेवणप्पा कचेरीच्या कामात मुरलेले. ते म्हणाले, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. म्हणूनच महिपतीला बोलावणं धाडलं, उद्या कोशावर हक्क सांगायला नको.

तो आला. रेवणप्पांनी सगळं वाचून दाखवलं. महिपती कोशाकडे बघून म्हणाला, "तिला म्हणावं, पैलं केराबाईचं. आन् अंगठा कुटं करायचा ते दाखव म्हणावं."

मी जागा कोशालाच दाखवली.

सही: वच्छला रामा निमगिरे
साक्षीदार: १. रेवणप्पा, किराणा दुकानदार (सही)
२. महिपती निमगिरे (डाव्या हाताचा अंगठा)
ठिकाण: जेऊर, गोठ्यासमोर
तारीख: ३ ऑगस्ट १९७६